शेवटी दोघी एकाच घरात राहतात अशी कादंबरी सुचवा

अबोली_कोथरूड | १२ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

यंदा दिवाळीत आम्हा दोघींना एकाच वेळी पाच दिवस सुट्टी मिळाली आहे. आठ वर्षांत पहिल्यांदाच. फराळ बाहेरून मागवणार, चकली तेवढी घरी करणार आणि उरलेला सगळा वेळ वाचणार, असं ठरलं आहे. म्हणून हा धागा.

गेल्या महिन्यात 'साबर बोंडं' थिएटरात जाऊन पाहिला. रोहन कानवडे यांचा हा सिनेमा जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवातून मोठं पारितोषिक घेऊन आला, तेव्हापासून वाट पाहत होतो. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी आलेला मुलगा आणि गावातला त्याचा जुना मित्र. माणसं आमच्या गावाकडच्यासारखी बोलत होती, एवढ्यानंच मला भरून आलं. घरी येऊन 'कोबाल्ट ब्लू' पुन्हा काढलं. तिसरं वाचन. सचिन कुंडलकरांची ही कादंबरी, एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडलेल्या तनय आणि अनुजा या भावाबहिणीची, २००६ मध्ये मौजेनं काढली तेव्हा मी कॉलेजात होते आणि ती मी घरात पिशवीच्या तळाशी ठेवत असे. आजही तितकीच आवडली. पण पुस्तक मिटल्यावर ही म्हणाली, "यात सगळे मागे उरलेलेच आहेत. सोबत राहिलेलं कुणीच नाही."

ते मनातून जाईना. आमच्यासारख्या समलिंगी जोडप्यांच्या कथांमध्ये कळणं असतं, घरी सांगणं असतं, घरच्यांनी तोंड फिरवणं असतं. मग कुणी परदेशी जातं, कुणी लग्न करतं, कुणी जीव देतं. मला त्याच्या पुढचं हवं आहे. संसार हवा आहे. सिलिंडर संपलाय, एकीच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, हप्ता कुणाच्या खात्यातून जातो यावरून धुसफूस झाली आहे, आणि तरी रात्री दिवा कोण बंद करणार हे दोघींना न बोलता माहीत आहे. असं काही.

नवं असेल तर उत्तम, जुनंही चालेल. मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही. दोन बायकांचं असेल तर आधी सांगा, पण दोन पुरुषांचंही वाचू. एकच अट आहे: शेवटच्या पानावर दोघंही जिवंत हवेत, आणि एकत्र हवेत.

वाचनवेडा_सांगली | १२ ऑक्टोबर, रात्री ११:१५

वाचनखूण साठवली. मला सुचवता येईल असं काही नाही, पण यादी हवी आहे.

अभि_चंद्रपूर | १२ ऑक्टोबर, रात्री ११:५२

ताई, 'हार्टस्टॉपर' वाचलंय का? अ‍ॅलिस ओसमनचं. चित्रकादंबरी आहे, इंग्लंडमधल्या शाळेतली दोन मुलं, निक आणि चार्ली. २०१६ पासून ते इंटरनेटवर पानापानानं येत होतं आणि तिथं फुकट वाचता येतं, म्हणून मला वाचता आलं. पुस्तकांचे पाच भाग आलेत. संसार नाही त्यात, ती शाळेतलीच आहेत. पण कुणी मरत नाही. चार्लीला खाण्याचा आजार असतो आणि निक त्याला बरं करू शकत नाही, तो फक्त बरोबर थांबतो. मी ते पान खूप वेळा पाहिलं.

मी वीस वर्षांचा आहे. हॉस्टेलवर राहतो.

मेघना_डेल्फ्ट | १३ ऑक्टोबर, पहाटे २:०५

अबोली, तुझं पुस्तक माझ्याकडे आहे. 'द सेफकीप', लेखिका याएल फान डर वाउडन. २०२४ मध्ये आलं, त्याच वर्षी बुकरच्या अंतिम यादीत होतं, आणि या जूनमध्ये त्याला विमेन्स प्राइझ मिळालं. लेखिकेची ही पहिलीच कादंबरी. ती नेदरलँड्समध्ये राहते, पण लिहिते इंग्रजीत. पारितोषिक घेताना ती स्वतःच्या इंटरसेक्स असण्याबद्दल, म्हणजे शरीर जन्मतः बाई किंवा पुरुष या ठरावीक साच्यात न बसण्याबद्दल, व्यासपीठावरून बोलली. मी इकडे रात्री मोबाइलवर ते भाषण ऐकत बसले होते.

काळ १९६१, जागा ओव्हरआयसल प्रांत. माझ्या घरापासून ट्रेननं दोन-अडीच तासांवरचा हा भाग. सपाट, हिरवा, शांत. इसाबेल तिशीच्या आसपासची, आई गेल्यावर त्या घरात एकटी राहते आणि घर सांभाळते. सांभाळते म्हणजे काय, तर चमचे मोजते. कपाटातल्या बशा मोजते. मोलकरणीवर संशय घेते. घर तिच्या नावावर नाही, भावानं लग्न केलं की ते त्याचं होणार, आणि ती कुठं जाणार याचा कुणी विचारही केलेला नाही. हा भाऊ आपल्या नव्या मैत्रिणीला, ईव्हाला, काही आठवडे तिच्याकडे ठेवून जातो. ईव्हा मोठ्यानं हसणारी, केस स्वस्तात रंगवलेली, इसाबेलला बघताक्षणी नकोशी. आणि मग घरातून वस्तू नाहीशा व्हायला लागतात. एक चमचा. एक सुरी. एक अंगुस्तान.

पहिली शंभर पानं चिडचिड होते. इसाबेल इतकी आखडलेली बाई आहे की तिला हलवावंसं वाटतं. तिथं सोडू नकोस. त्या चिडचिडीचंच पुढे काय होतं ते वाचताना माझे कान गरम झाले होते, आणि मी ट्राममध्ये होते.

ज्यांना वाचायचं आहे त्यांनी खालचा परिच्छेद सोडा, कथा फुटते.

.

.

.

हे घर इसाबेलच्या कुटुंबाला युद्धाच्या काळात मिळालं. सगळ्या सामानासकट. कपाटात बशा, पलंगावर चादरी. ते सामान कुणाचं होतं, हे त्या घरात कुणीच कधी विचारलं नाही. ईव्हा चोर नाही. ती स्वतःच्या आईचे चमचे परत नेते आहे. इथं मला काय आठवलं सांगू? आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात. माझ्या आजीच्या प्रत्येक वाटीवर आजोबांचं नाव आणि साल आहे. समजा ती वाटी मला एखाद्या अनोळखी घरात, अनोळखी बाईच्या हातात दिसली, आणि त्या बाईवर माझं प्रेम बसलं, तर? युद्धानंतर छळछावण्यांतून परतलेल्या ज्यूंना इथं स्वतःच्याच घराचं दार उघडायला दुसरीच माणसं आली. या देशानं ते बरीच वर्षं बोलून दाखवलं नाही. ही कादंबरी ते बोलते, आणि प्रेमकथेतून बोलते. दोघींचा संसार उभा राहायचा तर आधी त्या चमच्यांचा हिशेब व्हावा लागतो. तुझी अट पुरी होते, एवढं सांगते.

निवृत्त_ग्रंथपाल | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

अबोलीताई, नव्याच्या धाग्यावर एक जुनं ठेवतो. तुमच्या अटीला तेच पुस्तक मूळपुरुष आहे.

ई. एम. फॉर्स्टर यांनी 'मॉरिस' १९१३-१४ मध्ये लिहून पूर्ण केली. छापली गेली १९७१ मध्ये, ते गेल्यानंतर. मधली सत्तावन्न वर्षं ती विश्वासातल्या मित्रांच्या हातांतून फिरत राहिली. न छापण्याचं कारण तिचा शेवट. मॉरिस आणि अ‍ॅलेक एकत्र राहतात, सुखात राहतात. फॉर्स्टर यांनी पुढे टिपणात लिहिलं आहे की सुखान्त असलाच पाहिजे असं त्यांनी ठरवलं होतं, आणि शेवटी कुणाला गळफास दिला असता तर पुस्तक छापायला अडचण आली नसती. इंग्लंडमध्ये कायदा बदलला १९६७ ला. तोवर सुख हाच गुन्ह्याचा पुरावा होता.

आपला धागा असा जुळतो की हेच फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या देवासला, म्हणजे पवारांच्या मराठा संस्थानात, तुकोजीरावांचे खासगी सचिव म्हणून राहिले. 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात तिथली पत्रं आहेत, गोकुळाष्टमीच्या उत्सवाचं मोठं वर्णन आहे. म्हणजे सुखान्त लिहून ट्रंकेत ठेवलेला माणूस आपल्या मराठी दरबारात वावरत होता. मी ग्रंथालयात असताना हे दोन्ही ग्रंथ शेजारी शेजारी ठेवायचो. वर्गीकरणाच्या नियमात ते बसत नव्हतं.

सह्याद्रीवारा | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:१२

धागा चांगला आहे, पण एक प्रामाणिक शंका. आधीच शेवट मागून घेतला तर वाचायचं काय? साहित्याकडे आपण औषध म्हणून बघायला लागलो तर लेखक काय लिहिणार? 'कोबाल्ट ब्लू' मोठी आहे ती त्यातल्या रिकाम्या जागेमुळे. तो पेइंग गेस्ट, ज्याला नावसुद्धा नाही, तो परत आला असता तर ती कादंबरी उरली नसती. आणि प्रेमकथा ती प्रेमकथा. हिची वेगळी यादी, तिची वेगळी यादी कशाला?

यमन_ठाणे | १३ ऑक्टोबर, दुपारी १:२०

सह्याद्रीवारा, तुमचा प्रश्न सरळ आहे म्हणून सरळ उत्तर देतो.

माझ्या एका मित्राचा जोडीदार चार वर्षांपूर्वी गेला. अकरा वर्षं एका घरात राहिले होते दोघं. दहाव्याला घाटावर माझा मित्र शेवटच्या ओळीत उभा होता. पुढे कोण? ज्यांनी सात वर्षं फोन केला नव्हता ते चुलतभाऊ. कावळा शिवत नव्हता. सगळे एकमेकांना विचारत होते, काय राहिलंय याचं, कशात जीव अडकलाय. मित्र मागे उभा होता आणि त्याला ठाऊक होतं कशात अडकलाय. कुणी त्याला पुढे बोलावलं नाही. मीही ढकललं नाही त्याला. ते माझं चुकलं.

यादी वेगळी लागते ती यासाठी. नवराबायकोच्या सुखाच्या गोष्टी तुम्हाला लहानपणापासून ताटात वाढून आल्या, म्हणून आता तुम्हाला रिकाम्या जागेची चव आहे. आमचं ताटच रिकामं होतं.

आणि पुस्तक. 'यू शुड बी सो लकी', कॅट सेबॅस्टियन, २०२४. न्यूयॉर्क, १९६०. एडी बेसबॉल खेळतो, नव्या संघात आल्यापासून त्याची बॅट चालत नाही. मार्क पत्रकार. मार्कचा जोडीदार गेला आहे आणि त्याला सुतक पाळायची परवानगी नाही, कारण जगाच्या लेखी तो त्याचा कुणीच नव्हता. मार्क गेलेल्या माणसाचे कपडे घालून फिरतो. मला बेसबॉलमधलं काहीही कळत नाही. रणजीच्या मोसमात शून्यावर शून्य काढणारा फलंदाज डोळ्यांसमोर आणला आणि चाललं. पहिली दीडशे पानं तर नुसती बोलतात ती दोघं, जेवतात, कुत्र्याला फिरवतात. एडीला लपणं जमत नाही आणि मार्कला पुन्हा एकदा कुणाचं 'कुणीच नाही' व्हायचं नाही. एवढाच पेच, पण लेखिका तो शेवटपर्यंत हातातून सोडत नाही.

मी ते पुस्तक त्या मित्राला दिलं. त्यानं अजून उघडलेलं नाही. उशाशी ठेवलंय म्हणाला.

सह्याद्रीवारा | १३ ऑक्टोबर, दुपारी २:०५

वाचलं. थोडा वेळ द्या.

अनुवादिनी | १३ ऑक्टोबर, सायंकाळी ६:४५

मी अनुवाद करते, म्हणून माझ्या बाजूनं एक गोष्ट.

इंग्रजीत 'मी गेले' आणि 'मी गेलो' एकच. मराठी क्रियापद लगेच सांगून टाकतं. 'कोबाल्ट ब्लू'चा पहिला भाग तनय त्या निघून गेलेल्या माणसाला 'तू' म्हणून सांगतो. मराठीत 'मी थांबलो' आणि 'तू आलास' म्हटलं की बोलणारा मुलगा आणि ऐकणाराही मुलगा, हे व्याकरणानंच मान्य करून टाकलेलं असतं, कुणी जाहीर करायची गरज उरत नाही. जेरी पिंटोंनी २०१३ मध्ये केलेला इंग्रजी अनुवाद सुरेख आहे, पण 'यू' ला हे जमत नाही. मराठी त्या बाबतीत धीट आहे.

आणि तीच मराठी पकडूनही देते. माझी एक मैत्रीण दहा वर्षं ऑफिसात सगळं 'आम्ही'त बोलली. 'आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो.' 'आम्ही' म्हटलं की बरोबर कोण होतं ते झाकलं जातं. एकदा ती बोलता बोलता 'ती म्हणाली' असं म्हणून गेली आणि जेवणाच्या टेबलावर सगळे डबे थांबले.

माझं सुचवणं: रूथ वनिता यांची 'मेमरी ऑफ लाइट', २०२०. अठराव्या शतकाच्या अखेरचं लखनौ. नफीसबाई आणि काशीहून आलेली चपलाबाई, दोघी तवायफ. त्या काळच्या रेख्ती, म्हणजे बायकांच्या बोलीतल्या उर्दू कवितेत बाईनं बाईवर केलेल्या प्रेमाला शब्द होते, 'दोगाना', 'जनाखी'. वनितांनी त्यावर आधी अभ्यासक म्हणून काम केलं आणि मग कादंबरी लिहिली. त्यामुळे त्यात कुणी 'मी अशी का' म्हणून रडत बसत नाही. पत्रं, निरोप, पान, ठुमरी, हेवा. अबोली, तुझ्या अटीत ती काटेकोर बसत नाही. पण ज्या जगात आपल्याला नाव होतं ते जग एकदा फिरून ये.

एक विचारायचं होतं. 'द सेफकीप'सारखं पुस्तक मराठीत आणायचं तर 'गर्लफ्रेंड'ला काय म्हणायचं? 'मैत्रीण' भाबडं वाटतं, 'प्रेयसी' नाटकातलं, 'जोडीदारीण' सरकारी अर्जातलं. घरात तुम्ही काय म्हणता?

अबोली_कोथरूड | १३ ऑक्टोबर, रात्री ९:३०

केवढं दिलंत सगळ्यांनी. मेघना, पुस्तक मागवलं. खालचा परिच्छेद हात ठेवून झाकला.

अनुवादिनी, माझी आई बाबांबद्दल बोलताना 'आमचे हे' म्हणते आणि बाबा 'आमची ही'. नाव घ्यायचं नाही म्हणून काढलेला रस्ता. आम्ही दोघींनी तो जसाच्या तसा उचलला. ही भाजीवाल्या मावशींना फोनवर सांगते, "आमची ही येईल संध्याकाळी, तिच्याकडे मेथी द्या." मावशींना तीन वर्षांत कधी अडलं नाही. तुमच्या अनुवादात बसेल का माहीत नाही.

तृतीया | १४ ऑक्टोबर, सकाळी ११:००

धाग्यावर सगळ्या कादंबऱ्या दोन बायकांच्या नाहीतर दोन पुरुषांच्या आल्या. माझंही एक घ्या. मी ट्रान्स आहे, आणि आमच्यावरच्या पुस्तकांत बहुतेक वेळा ऑपरेशन असतं, मार खाणं असतं, टाळी असते. प्रेम असलं तर ते फसवणारं.

निकोला डिननची 'डिसपॉइंट मी', याच वर्षीची. लंडन. मॅक्स तीस वर्षांची, ट्रान्स आहे, वकिली खात्यात नोकरी करते, कविता लिहिते. एका पार्टीत जिन्यावरून पडते आणि दवाखान्यात पडल्या पडल्या ठरवते की आता साधं, सरळ आयुष्य हवं. मग व्हिन्सेंट भेटतो. चांगला आहे, स्वयंपाक करतो, आईवडिलांना भेटवतो. पण त्याच्या मागं एक गोष्ट आहे, पूर्वी थायलंडमध्ये घडलेली, आणि ती मॅक्सला कळल्यावर काय करायचं हा प्रश्न आहे. ज्याला आपण क्षमा करतो ती त्याच्यासाठी करतो का आपल्याला घर हवं म्हणून? मला पुस्तकानं उत्तर दिलं नाही, पण प्रश्न नीट मांडला. अट पुरी होते का ते तुम्ही ठरवा. मॅक्सला संसार हवा आहे, आणि तो मागायची तिला लाज वाटत नाही, एवढ्यासाठी मी ते दोनदा वाचलं.

निवृत्त_ग्रंथपाल | १४ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

तृतीयाताई, आभार. नोंद केली.

मराठीपुरतं मी जोडतो. बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' वाचावी. त्यांनी पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला, हेल्पलाइनवर मुलांचे फोन घेतले, आणि जे ऐकलं त्याची भाषा त्या लेखनात आहे. अलंकार नाहीत. आमच्या वाचनालयात ती कपाटात जागेवर नसायची, दोन टेबलांपलीकडे कुणीतरी दुसऱ्या पुस्तकाच्या आत घालून वाचत असायचं. मी कधी उठवलं नाही.

आर. राज राव यांची 'द बॉयफ्रेंड' (२००३) इंग्रजीत आहे पण मुंबईची आहे, चर्चगेट स्टेशनची, ९२-९३ च्या दंगलीतली. पत्रकार युदी आणि दलित तरुण मिलिंद. सुखान्त नाही. पण जात बाजूला ठेवून प्रेमाबद्दल बोलता येतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ती वाचायलाच हवी. दोन पुरुष एका खोलीत आले म्हणून बाहेरची उतरंड खोलीबाहेर थांबत नाही.

मेघना_डेल्फ्ट | १४ ऑक्टोबर, रात्री ८:५०

थांबा, 'ॲटमॉस्फिअर' कुणीच कसं नाही सांगितलं? टेलर जेन्किन्स रीड, या जूनमध्ये आलं. नासा, ह्यूस्टन, १९८० चं दशक. जोन खगोलशास्त्र शिकवणारी, व्हनेसा विमानं दुरुस्त करणारी आणि उडवणारी, दोघी अंतराळवीर होण्याच्या तुकडीत. पहिल्याच पानांत डिसेंबर १९८४, व्हनेसा वर यानात, काहीतरी फार बिघडलं आहे, आणि खाली नियंत्रणकक्षातून तिच्याशी बोलणारा आवाज जोनचा आहे. सगळं जग ऐकत असताना दोघींनी फक्त कामाचं बोलायचं.

हे काल्पनिक आहे, पण सॅली राइडची आठवण होणारच. १९८३ मध्ये अवकाशात गेलेली पहिली अमेरिकन बाई. टॅम ओशॉनेसीबरोबर ती सत्तावीस वर्षं राहिली, आणि जगाला ते कळलं २०१२ मध्ये, सॅली गेल्यावर, मृत्युलेखातून.

भाषा साधी आहे, मधले काही भाग मालिकेसारखे वाटतात, जोनच्या बहिणीचं पात्र एकसुरी आहे. पण भाचीला सांभाळणारी जोन फार खरी आहे. अबोली, शेवट सांगणार नाही. दोन रुमाल ठेव.

सह्याद्रीवारा | १५ ऑक्टोबर, रात्री १०:२०

यमन, तुमचा प्रतिसाद दोन दिवस डोक्यात आहे. घाटावरचं.

माझं म्हणणं मी पूर्ण सोडलेलं नाही. शॉन ह्युइटची 'ओपन, हेवन' मी या उन्हाळ्यात वाचली होती, इथं लिहायचं टाळलं कारण अटीत बसत नाही. इंग्लंडमधलं खेडं, २००२ साल, सोळा वर्षांचा जेम्स, आणि शेजारच्या शेतावर राहायला आलेला ल्यूक. ह्युइट मुळात कवी. काहीही 'होत' नाही आणि तरी सगळं होतं. अशी पुस्तकं राहिली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. पण ग्रंथपाल म्हणाले ते मला ठाऊक नव्हतं, की शोकान्त हीच छापायची अट होती. मग सुखान्त मागणं म्हणजे औषध मागणं नव्हे, हे कबूल. 'मॉरिस' आणली आहे.

यमन_ठाणे | १५ ऑक्टोबर, रात्री ११:००

'ओपन, हेवन' मी घेतो. आभार. मनापासून.

अभि_चंद्रपूर | १६ ऑक्टोबर, रात्री १२:३०

सगळ्यांचं वाचतोय. यातली बरीच पुस्तकं पाचशे-सहाशेच्या पुढे आहेत. इथं कॉलेजच्या वाचनालयात विचारायची हिंमत नाही. स्वस्तात कुठं मिळतील?

निवृत्त_ग्रंथपाल | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

अभि, व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठव. हॉस्टेलचा नको असेल तर पोस्ट ऑफिसात ठेवून घेता येतं, ती पद्धत मी सांगतो. माझ्याकडे 'कोबाल्ट ब्लू'च्या दोन प्रती आहेत. वर साधं खाकी कव्हर घालून पाठवीन. परत करायची घाई नाही.

अबोली_कोथरूड | २६ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

दिवाळी झाली, हिशेब द्यायला आले.

'द सेफकीप' वसुबारसेला सुरू केलं. एकीनं वाचायचं, दुसरीनं ऐकायचं, असं ठरलं होतं. चकल्या तळताना ही स्टुलावर बसून वाचत होती. मेघना, तू म्हणालीस तसं झालं. मला इसाबेलचा राग राग आला आणि हिला तिची कीव आली. "घर हिच्या नावावर नाही गं," ही पुन्हा पुन्हा म्हणत होती. आमचं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. बँकेत दोघींचं कर्ज एकत्र काढायला गेलो तेव्हा नातं काय या रकान्यापाशी सगळं अडलं होतं, आणि शेवटी कंटाळून एकीच्या नावावर केलं. २०१८ च्या ६ सप्टेंबरला, समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा, आम्ही पेढे वाटले होते. २०२३ च्या १७ ऑक्टोबरला, आमच्या लग्नाला मान्यता नाकारणाऱ्या निकालाच्या दिवशी, टीव्ही बंद करून पोळ्या केल्या. रकाना तसाच आहे.

त्या खालच्या परिच्छेदापाशी, म्हणजे कादंबरीतल्या त्या भागापाशी, आम्ही लक्ष्मीपूजनाच्या रात्री पोचलो. पुजेला मांडलेला हिच्या आजीचा तांब्या समोर होता. त्यावर नाव आहे. ही वाचता वाचता थांबली. मग पुढचं मी वाचलं.

पाडव्याला आम्ही दोघी एकमेकींना ओवाळतो, पहिल्या वर्षापासून. यंदा भाऊबीजेला माझा भाऊ आला. सहा वर्षांनी. त्याच्या बायकोनं टेबलावरचं 'ॲटमॉस्फिअर' उचललं, मागचा मजकूर वाचला आणि म्हणाली, "हे मी नेऊ का?" आमचं अजून साठ पानं उरलं होतं. तरी दिलं.

म्हणून मेघना, शेवट सांगू नकोस. पुस्तक परत आलं की वाचू.

अनुवादिनी | २६ ऑक्टोबर, सायंकाळी ५:४०

अबोली, 'आमची ही' वर मी पंधरा दिवस विचार करते आहे. 'द सेफकीप'ची पहिली दहा पानं स्वतःपुरती मराठीत करून पाहिली. छापण्यासाठी नाही, हक्क वगैरे पुढचं. इसाबेलच्या तोंडी ते बसत नाही, ती फार ताठ आहे. पण ईव्हाच्या तोंडी, शेवटाकडे एका ठिकाणी, बसेल असं वाटतंय.

तृतीया | २७ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

अनुवादिनीताई, ती दहा पानं इथं वाचायला मिळतील का?

अनुवादिनी | २७ ऑक्टोबर, सकाळी १०:३५

दुसऱ्याच्या पुस्तकाची पानं इथं टाकता येणार नाहीत. पुण्यात असाल तर या, वाचून दाखवते.

अभि_चंद्रपूर | २९ ऑक्टोबर, रात्री १:१०

काका, पुस्तक मिळालं. खाकी कव्हरवर तुम्ही 'भूगोल' लिहिलंय ते बघून रूममेटनं हातही लावला नाही.

तनयचा भाग संपत आलाय. पुढे अनुजाची डायरी आहे. एक विचारायचं होतं. तनयनं त्याच्यावर इतकं लिहिलंय, तर त्यानं तनयवर कधी काही लिहिलं असेल का? म्हणजे पुस्तकात नाही, तसं. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त_ग्रंथपाल | २९ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

अनुजाची डायरी वाचून हो. मग बोलू. मी रोज सकाळी असतो इथं.